पहिला फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेताना: बँक किती देते ते नंतर, दरमहाची तूट आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, हातात येणारा पगार ९५ हजार, गाडीच्या कर्जाचा हप्ता १२ हजार, साठवलेले १८ लाख. राहायला पुण्याजवळ वाकडला, भाड्याच्या घरात. गुंतवणूक म्हणून पुनावळ्यात ७० लाखांचा टू बीएचके पसंत केलाय. बांधकाम चालू, ताबा तीन वर्षांनी. ५१ हजार भरून बुकिंग झालंय, मागच्या आठवड्यात वाटपपत्रही हातात आलंय. एजंट म्हणतो, ८० टक्के बँक देईल, बाकीचं पर्सनल लोनमध्ये बसवू. वडील म्हणतात, फ्लॅटच्या भानगडीत पडू नकोस, मावळात ११ गुंठे घेऊन ठेव. सुरुवात कुठून करायची?

बँकेत गृहकर्जाच्या फायली मंजूर करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आता घर घेणाऱ्यांना सल्ला देतो. इतक्या फायली पाहिल्यावर एक मत पक्कं झालंय. पहिल्या व्यवहारात माणूस भाव वाढला नाही म्हणून क्वचित अडचणीत येतो. येतो तो भाव वाढेपर्यंत तग धरता आला नाही म्हणून. त्यामुळे दरमहा खिशातून किती जाणार आणि ते किती वर्षं झेपणार, हा आकडा सगळ्यात आधी काढायचा. परिसर, मेट्रो, क्लबहाऊस हे सगळं त्याच्या मागून.

आधी बँक तुमच्याकडे कशी बघते ते पाहू. तुमच्या पगाराच्या माणसाचे सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या रकमेच्या साधारण निम्म्यापर्यंत चालतात. म्हणजे ४७,५००. त्यातून गाडीचे १२ हजार गेले की उरतात ३५,५००. व्याज ८ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर लाखाला ८३६ रुपये हप्ता पडतो, म्हणजे तुम्हाला मिळणारं कर्ज ४२ लाखांच्या आसपास. एजंट ५६ लाखांचं बोलतोय ते गाडीचं कर्ज आधी फेडून टाकाल असं गृहीत धरून. ते तो उघड सांगत नाही, आणि फेडायचं ते तुमच्या त्याच १८ लाखांतून.

आता स्वतःचे पैसे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरायची नाही, हे बऱ्याच जणांना करारनाम्याच्या आठवड्यात कळतं. ७० लाखांच्या फ्लॅटला तुमचे १४ लाख. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार (दस्त फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का कमी). नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असल्यानं जीएसटी ५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. बेरीज २२ लाख ७० हजार. तुमच्याकडे आहेत १८.

कमी पडणारे ५ लाख पर्सनल लोनमधून बसवायचे, यावर माझा स्पष्ट नकार आहे. १३ टक्क्यांनी पाच वर्षांत त्याचा हप्ता ११ हजारांच्या वर जातो, आणि तो हप्ता बँक पुन्हा तुमच्या पात्रतेतून वजा करते. म्हणून असं कर्ज गृहकर्ज मंजूर झाल्यावर घ्या असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. बांधकाम चालू असलेल्या घराचं कर्ज टप्प्याटप्प्यानं सुटतं, मधल्या एखाद्या टप्प्यावर बँकेनं सिबिल (तुमच्या कर्जांचा आणि फेडीचा अहवाल) पुन्हा पाहिलं आणि पुढचा हप्ता रोखला तर बिल्डरच्या मागणीपत्रावरचं व्याज तुमच्याच डोक्यावर बसतं.

आता मुख्य आकडा, दरमहाची तूट. सोयीसाठी समजू, फ्लॅट आजच तयार आहे आणि उद्या भाडेकरू येतोय. ५६ लाखांचा हप्ता ४६,८४१. भाडं २३ हजार धरू. वर्षातून एक महिना घर रिकामं जातंच, म्हणून अकरा महिन्यांचे २ लाख ५३ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजारांप्रमाणे ४२ हजार, मालमत्ता कर १२ हजार, रंगरंगोटी, गिझर, नळ आणि भाडेकरू आणणाऱ्याची दलाली मिळून १५ हजार. हे जाऊन हातात वर्षाला १ लाख ८४ हजार, म्हणजे महिना १५ हजारांच्या थोडं वर. हप्ता आणि हे भाडं यांतला फरक साडेएकतीस हजार. ही तुमची तूट, दर महिन्याला, पगारातून. वर तुमचं वाकडचं भाडं चालूच.

याच आकड्यांना दुसऱ्या बाजूनं बघा. पहिल्या वर्षी भरलेल्या ५ लाख ६२ हजारांच्या हप्त्यांत जवळपास ४ लाख ४४ हजार नुसतं व्याज असतं. त्यातून निव्वळ भाडं वजा केलं की २ लाख ६० हजार शुद्ध खर्च. अडकलेले २२ लाख ७० हजार मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी वर्षाला दीड लाखाच्या आसपास देत होते, तेही गेले. एकूण ४ लाखांच्या वर. म्हणजे फ्लॅटचा भाव दरवर्षी जवळजवळ ६ टक्के वाढला तर तुम्ही जिथल्या तिथे. मुद्रांक, नोंदणी आणि जीएसटीचे ८ लाख ७० हजार यात धरलेलेच नाहीत. ते पहिल्याच दिवशी गेले. शिवाय तुमच्या बाबतीत पहिली तीन वर्षं भाडंच नाही.

पुनावळ्यात भाव वाढणार नाही असं मी म्हणत नाही. हिंजवडीजवळ, महामार्गाला लागून, वाढेलही. पण वाढीचा वेग तुमच्या हातात नाही, तूट मात्र आजच कळते.

आणि हा हप्तासुद्धा स्थिर नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक वेळा रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते त्याच्याशी), बांधलेली आहेत. मे २०२२ मध्ये रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा. वर्षभराच्या आत अडीच टक्के. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी ५० लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता ३८,०१८ होता. दर सव्वानऊ झाल्यावर त्याच्या शिल्लक कर्जाचं महिन्याचं व्याजच साडेसदतीस हजारांच्या घरात गेलं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जेमतेम चारशे रुपये. बँकांनी मुकाट्यानं मुदत वाढवली आणि पन्नाशीच्या माणसाचं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेल्याच्या फायली मी पाहिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हा पर्याय कर्जदाराला द्यायलाच हवा. त्यानंतर दर खाली आले, तरी वीस वर्षांत ते पुन्हा वर जाणार हे धरूनच चाला. म्हणून मी प्रत्येकाला आजच्या दरापेक्षा २ टक्के जास्त धरून हप्ता काढायला लावतो. तो झेपत असेल तरच सही करा.

एक गैरसमज आवर्जून दूर करायचा आहे, कारण तो आमच्याच खात्यानं पसरवलाय. ‘अमुक बँकेनं प्रकल्प मंजूर केलाय’ याचा अर्थ बँकेच्या वकिलानं मालकी हक्क तपासलाय आणि अभियंत्यानं नकाशा पाहिलाय, एवढाच. तुमच्या घराची तपासणी होते ती बँकेचं कर्ज बुडू नये म्हणून. ७० लाखांचा फ्लॅट पडेल भावात ५८ लाखांना विकला गेला तरी बँकेचे ५६ वसूल होतात. जातात ते तुमच्या १४ मधले १२. म्हणून वकील स्वतःचा लावा, तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, करून घ्या. वकिलाच्या फीत काटकसर करू नका.

बांधकाम चालू असलेलं घर घ्यायचंच असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा आणि माहितीपत्रकाशी ताडून बघा. मी तिथे आधी पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघतो, मग जमिनीवर कोणाचा बोजा आहे, मग दावे. विकलेल्या सदनिकांची संख्याही असते; अर्ध्याहून कमी विक्री आणि तारीख दीड वर्षावर आली असेल तर पैसे कुठून येणार हा प्रश्न विचाराच. कायद्यानं ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि जमीन व बांधकामासाठीच वापरावे लागतात. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा लांबला तर व्याज मागायचा हक्क आहे. पण हक्क असणं आणि पैसे हातात पडणं यांत वेळ जातो, आणि त्या वेळात हप्ता थांबत नाही. पहिल्या गुंतवणुकीसाठी म्हणूनच मी चालू बांधकामाच्या बाजूनं नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? गाडीचं कर्ज वर्षभरात संपवलं असतं आणि ३८ लाखांच्या आसपासचा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) झालेला, आठ-दहा वर्षं जुना वन बीएचके शोधला असता. मोशी, चाकण, तळेगाव, किंवा हिंजवडीकडचीच एखादी जुनी सोसायटी. कर्ज २८ लाख, हप्ता साडेतेवीस हजारांच्या आत. स्वतःचे १० लाख, मुद्रांक २ लाख ६६ हजार, नोंदणी ३० हजार, दलाली आणि वकील मिळून लाखभर: १४ लाखांच्या आसपास. जीएसटी नाही. चार लाख हातात राहिले, ते आजारपण किंवा नोकरी गेली तर सहा महिने हप्ते भरायला. १४ हजार भाडं धरलं तर खर्च जाऊन साडेनऊ हजार मिळतात, तूट १४ हजार. तुमच्या पगाराला ही झेपते, आणि भाडं पहिल्या-दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतं. बदलत्या दराच्या गृहकर्जाला व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. दिवाळीचा बोनस सरळ मुद्दलात घाला.

भाडं खरंच किती मिळेल हे दलालाला विचारू नका. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी रात्री साडेआठला त्या सोसायटीसमोर जाऊन उभे राहा. किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. सात मजल्यांच्या इमारतीत एका बाजूला अठ्ठावीस खिडक्या आणि दिवे नऊ दिसले तर भाव कितीही कमी असो, तिथे भाडेकरू मिळवायला तुमच्यासारखे बरेच मालक रांगेत आहेत. मग वॉचमनशी बोला: कोणतं घर किती दिवस रिकामं आहे, उन्हाळ्यात टँकर किती येतात. त्या पट्ट्यातल्या कित्येक सोसायट्यांचा मेंटेनन्स टँकरनं वाढतो आणि ती वाढ मालकाच्या वाट्याला येते, कारण भाडेकरू एकरकमी आकडाच बोलतो. समोरच्या किराणा दुकानदाराला भाड्याचे आकडे एजंटपेक्षा अचूक माहीत असतात.

जुन्या घरात कागद जास्त बघावे लागतात. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे मूळ करारनामे, प्रत्येकाची सूची क्रमांक २ (दस्त नोंदल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, पार्किंग कागदावर आहे की नुसतं तोंडी. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी बदलून देणं, सोसायटीच्या नावावर झालंय का, हेही विचारा. पुढे पुनर्विकासाची वेळ आली की सगळं तिथेच अडतं. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर घाबरू नका, उलट कागद बँकेत सुरक्षित असतात. त्याच्या बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र आणि ठेवलेल्या कागदांची यादी घ्या, आणि तुमच्या बँकेचा धनादेश थेट त्या बँकेच्या नावे निघू द्या. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. मालक परदेशात राहणारा अनिवासी असेल (पुण्यात हे फार दिसतं) तर १ टक्क्याचा आणि ५० लाखांचा नियम लागू नाही, कपात कितीतरी जास्त असते. तिथे सीए शिवाय पुढे जाऊ नका.

‘थोडे रोखीत द्या’ असं कोणी म्हटलं की उठून या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा. शिवाय रोखीतला भाग करारनाम्यात दिसत नाही, म्हणून त्यावर कर्ज मिळत नाही आणि विकताना तेवढा नफा जास्त दिसून कर तुम्हीच भरता.

कराबद्दल एवढंच: ‘हप्त्यावर टॅक्स वाचेल’ हे वाक्य जुन्या करप्रणालीतलं आहे. नव्या प्रणालीत भाड्यानं दिलेल्या घराच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट आणि व्याज वजा होतं, पण त्यातून होणारा तोटा पगारातून वजा करता येत नाही. तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात ते पाहून मगच हा फायदा धरा. दोन वर्षांनंतर विकल्यास दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावता येत नाही.

वडिलांच्या ११ गुंठ्यांबद्दल. जमिनीवर त्यांचा जीव आहे, तो मी समजू शकतो, आणि चांगल्या जमिनीनं अनेकांना फ्लॅटपेक्षा जास्त दिलंय हे खरं. पण मावळ-मुळशीत ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून जे विकलं जातं ते बऱ्याचदा शेतजमिनीच्या सामाईक सातबाऱ्यावरचं एक नाव असतं. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि प्रमाणापेक्षा लहान तुकडे पाडायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो. सातबारा मागवा आणि क्षेत्रफळावर न थांबता ‘इतर हक्क’ हा रकाना ओळीओळीनं वाचा. तिथे कुळाचं नाव, सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा, ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा सापडतो. आणि धारणा प्रकारासमोर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर परवानगीशिवाय विक्रीच होत नाही. प्रत्येक फेरफाराचा क्रमांक घेऊन तो मूळ फेरफार तलाठ्याकडून काढा. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि स्वतंत्र सातबारा, ही तिन्ही असतील तर वडिलांचं ऐकायला हरकत नाही. फक्त जमिनीतून दरमहा काही येत नाही, म्हणजे कर्ज काढून घेतली तर सगळा हप्ताच तूट. ती शिलकीतूनच घ्यायची वस्तू आहे.

आणि या वर्षी काहीच नको असं ठरलं तर तेही चालेल. तोपर्यंत या क्षेत्राशी ओळख ठेवायची असेल तर शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचं (भाड्यानं दिलेल्या मोठ्या इमारतींत अनेकांचे पैसे एकत्र गुंतवणारा न्यास) एक-एक युनिट घेता येतं. २०१९ मध्ये एम्बसीचं पहिलं रीट आलं, त्यानंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, नेक्सस आली. वाटपयोग्य रोखीपैकी किमान ९० टक्के रक्कम त्यांना युनिटधारकांत वाटावी लागते. भाव खालीवर होतो, पण भाडेकरू शोधावा लागत नाही आणि हजारभर रुपये लागले तरी त्याच आठवड्यात विकता येतं.

राहिला बुकिंगचा प्रश्न, आणि तो तातडीचा आहे. महारेराच्या नमुना वाटपपत्रात रद्द करण्याचे टप्पे दिलेले आहेत: पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत रद्द केलं तर काहीही कापायचं नाही, पुढे १ टक्का, दीड टक्का, आणि ६१ व्या दिवसापासून २ टक्के. हे टक्के बुकिंगच्या ५१ हजारांवर नाहीत, घराच्या किमतीवर आहेत. ७० लाखांचे २ टक्के म्हणजे १ लाख ४० हजार. तुमच्या पत्रावरची तारीख आणि त्यातलं रद्द करण्याचं कलम आज रात्रीच वाचा. वरची तूट घरच्यांसमोर मांडा. नको ठरलं तर फोनवर बोलून थांबू नका. वाटपपत्राचा क्रमांक, सदनिकेचा क्रमांक आणि ‘बुकिंग रद्द करून भरलेली रक्कम परत करावी’ एवढं लिहून बिल्डरच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि त्याच दिवशी एक प्रत स्पीड पोस्टानं टाका. पोस्टाची पावती जपून ठेवा.